जुनं पुन्हा पाहताना: आठवण बदलली की चकती?

रीळवेडा

जुने सिनेमे आणि मालिका घरी चकतीवर, कॅसेटवर किंवा साठवलेल्या फाइलवर पुन्हा बघणाऱ्यांसाठी हा धागा. 'सध्या काय पाहताय' छापाची यादी नको, तसे धागे पुष्कळ आहेत.

मुद्दा असा. एखादी जुनी गोष्ट बऱ्याच वर्षांनी पुन्हा पाहिली आणि मजा आली नाही, की आपण दोघांपैकी एकाला दोषी धरतो. एक तर सिनेमा जुनाट झाला, नाही तर आपण थोराड झालो. तिसऱ्या संशयिताकडे कुणी बघतच नाही. तो म्हणजे समोर फिरणारी प्रत. आपण पूर्वी पाहिलेला सिनेमा आणि आज चकतीवर असलेला सिनेमा एकच आहे, हे आपण विनातक्रार गृहीत धरतो. बऱ्याचदा तो एक नसतो.

साधं गणित बघा. २.३५:१ चौकटीचा (म्हणजे उंचीच्या २.३५ पट रुंद) सिनेमा जुन्या ४:३ टीव्हीवर पडदाभर बसवायचा तर जवळजवळ ४३ टक्के चित्र कापावं लागतं. व्हीएचएसच्या काळात सर्रास हेच चालायचं. दोन माणसं पडद्याच्या दोन टोकांना उभी राहून भांडत असली, की एक जण नाहीसा व्हायचा किंवा चित्र यांत्रिकपणे इकडून तिकडे सरकायचं. दिग्दर्शकाने न केलेली कॅमेऱ्याची हालचाल आपण वर्षानुवर्षं त्याच्या खात्यावर मांडत आलो.

वेगाचंही तसंच. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. पाल या टीव्ही प्रसारण पद्धतीच्या देशांत तो २५ ने पळवायचे, म्हणजे ४ टक्के जलद. दोन तासांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी जवळजवळ पाऊण स्वराने चढते. (पाऊण 'अर्धस्वर' म्हणा, गाणाऱ्यांनी लगेच धरू नये.) अशा प्रतीवर लहानपण गेलेल्याला योग्य वेगाची ब्लू-रे रटाळ वाटते आणि नायकाचा आवाज उगाच जड वाटतो. यात वयाचा काय दोष?

तर प्रश्न: तुम्ही पुन्हा बघायला कोणती प्रत निवडता, आणि का?

नुसताप्रेक्षक

रीळवेडा, लेख झकास, पण मला हा सगळा पळवाटीचा मामला वाटतो. नाही आवडला तर नाही आवडला म्हणा की राव! चौकट, वेग, रंग यांच्यावर बिल कशाला फाडायचं? आम्ही मुंग्या आलेल्या कॅसेटवर, तिसऱ्या पिढीच्या नकलेवर सिनेमे बघून रडलोय. चांगली गोष्ट चिखलातूनही दिसते. फुसकी असेल ती ४केमध्येही फुसकीच, फक्त स्वच्छ फुसकी.

उगाचच

'स्वच्छ फुसकी' साठी +१. बाकी वाचतोय.

तिसरीघंटा

नुसताप्रेक्षक, गोष्ट दिसते हे मान्य. पण सिनेमा म्हणजे नुसती गोष्ट असती तर लोकांनी पटकथाच वाचल्या असत्या.

१९७१ चा 'द फ्रेंच कनेक्शन' घ्या. त्याची २००९ ची ब्लू-रे आली तेव्हा दिग्दर्शक फ्रीडकिन यांनी स्वतः बसून रंग बदलले होते. चित्र निस्तेज, रंग सांडल्यासारखे फिकट. छायाचित्रकार ओवेन रॉइझमन जाहीरपणे भडकले, कारण त्यांना विचारलंच नव्हतं. २०१२ मध्ये मूळच्या जवळ जाणारी प्रत पुन्हा काढावी लागली. मधल्या काळात ज्याने पहिल्यांदाच तो सिनेमा पाहिला, त्याचं मत कशाबद्दलचं म्हणायचं? गोष्ट तीच आहे, पण त्या सिनेमातली शहराची थंडी आणि घाण ही वातावरणासाठी नाही, तीच गोष्ट आहे. ती धुऊन टाकली तर उरतो पाठलाग.

याहून मजेशीर बाब म्हणजे इथे खुद्द दिग्दर्शकानेच फेरफार केला. त्यामुळे 'दिग्दर्शकाची मान्यता' हा वेष्टनावरचा शिक्का माझ्या लेखी पुरेसा नाही. वीस-तीस वर्षांनी माणूस बदलतो, त्याच्या आवडी बदलतात आणि जुनं काम त्याला नव्या आवडीत बसवावंसं वाटतं. 'स्टार वॉर्स'चं सगळ्यांना ठाऊक आहेच. १९९७ मध्ये कर्त्या लुकासने बदललेली आवृत्ती काढली आणि मूळ चित्रगृहातली बाजूला पडली. २००६ मध्ये ती डीव्हीडीवर आली तीसुद्धा पुरवणी म्हणून, १९९३ च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीआधीची मोठी चकती) केलेल्या मास्टर प्रतीवरून, रुंद टीव्हीसाठी न बसवता. म्हणजे काळ्या पट्ट्यांच्या आत आणखी छोटं चित्र.

काळीपट्टी

माझं नाव बघूनच कळलं असेल मी कोणत्या बाजूचा. :)

सिनेमांच्या बाबतीत ही लढाई आपण बरीचशी जिंकलो. आता सहसा कुणी २.३५ चा सिनेमा कापून विकत नाही. पण मालिकांच्या बाबतीत नेमकी उलटी गंमत सुरू झाली आहे. जुन्या मालिका ४:३ मध्ये रचलेल्या, आणि आताचे टीव्ही १६:९. बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की गिऱ्हाइकाला वाटतं पैसे कमी वाजले. म्हणून वरून-खालून कापा.

'सिम्पसन्स'चं उदाहरण प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये जुने भाग कापून रुंद केलेल्या रूपात आले. एका दृश्यात बिअरच्या कारखान्यात तीन वेगवेगळ्या नावांची पिंपं, आणि वर बघितलं तर तिन्ही एकाच नळातून भरताहेत, असा विनोद आहे. वरचा भाग कापल्यावर नळ गेला. राहिली तीन पिंपं आणि त्यांच्याकडे बघणारी माणसं. नवख्या प्रेक्षकाला वाटणार, यात हसण्यासारखं काय होतं? प्रेक्षकांनी बोंब मारल्यावर मे २०२० मध्ये मूळ चौकटीचा पर्याय मिळाला.

दुसरा प्रकार याहून वाईट. काही मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाल्या, आणि फिल्मवर बाजूंना जास्तीचं चित्र असतं. ते कधी दिसणारच नव्हतं म्हणून तिथे कुणी काळजी घेतली नव्हती. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'च्या २०१४ च्या एचडी रूपात चौकट उघडली आणि काही दृश्यांत बाजूला उभी तंत्रज्ञ मंडळी दिसायला लागली. वर दिवसा चित्रित करून रात्र भासवलेल्या दृश्यांचं रंगकाम पुन्हा नीट केलंच नाही, त्यामुळे रात्रीचे पिशाच्च चक्क उजेडात फिरताहेत.

सगळेच असं करतात असंही नाही. 'द वायर' २०१४ च्या शेवटी रुंद चौकटीत आणली, तेव्हा तिच्या कर्त्याने, डेव्हिड सायमनने, स्वतः लिहून सांगितलं की काही दृश्यं रुंदीमुळे सुधारली आणि काहींचं नुकसान झालं. असा प्रामाणिकपणा असेल तर माझी तक्रार नाही. मात्र दोन्ही प्रती मिळायला हव्यात.

भुंगा

एक बाळबोध प्रश्न. १९५०-६० मधले कृष्णधवल सिनेमे ब्लू-रेवर काचेसारखे लखलखीत दिसतात, आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी आलेल्या मालिका मात्र मळकट, लिबलिबीत. तंत्र पुढे जायचं सोडून मागे गेलं का?

रीळवेडा

भुंगा, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. या सगळ्या प्रकरणाचं मूळच तिथे आहे.

फिल्म म्हणजे रसायन. तिच्यावर किती तपशील आहे हे ती स्कॅन करणारं यंत्र जितकं चांगलं तितकं बाहेर येतं. ३५ मिमीचं चांगलं निगेटिव्ह आज ४केमध्ये स्कॅन करता येतं. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' ६५ मिमीवर, १९६२ चा, त्याचं निगेटिव्ह नव्या रिस्टोरेशनसाठी ८केमध्ये स्कॅन झालं. उलट व्हिडिओ टेपवर जे नोंदलं त्याच्या रेषा ठरलेल्या. त्यातून जास्त काही निघणार नाही. २००२ चा '२८ डेज लेटर' मुख्यतः मिनी-डीव्ही या छोट्या व्हिडिओ टेपच्या कॅमेऱ्यावर काढला. त्यामुळे लॉरेन्सहून चाळीस वर्षांनी लहान असून तपशिलात तो लॉरेन्सच्या पासंगालाही पुरत नाही. (त्या सिनेमाला ते शोभतं हा भाग वेगळा.)

मालिकांची गोम अशी की पुष्कळशा अमेरिकी मालिका चित्रित व्हायच्या ३५ मिमीवर, पण संकलन आणि स्पेशल इफेक्ट मात्र व्हिडिओ टेपवर. पैसे आणि वेळ वाचायचा. परिणामी अंतिम भाग फक्त टेपवर अस्तित्वात. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' (१९८७ ते १९९४) अशीच बनली. ब्लू-रे काढायची ठरली तेव्हा मूळ निगेटिव्हची रिळं शोधून स्कॅन केली, प्रत्येक भाग जुन्या संकलनाशी ताडून पुन्हा जोडला, इफेक्टचे वेगवेगळे थर पुन्हा एकत्र बसवले. सातही सीझन २०१२ ते २०१४ दरम्यान आले. ती डीव्हीडी आणि ही ब्लू-रे एकापाठोपाठ लावून बघा. कापडाची वीण दिसते, चेहऱ्यावरचा मेकअप दिसतो, आणि मुख्य म्हणजे नटांचे डोळे दिसतात. काही भागांत मी संवादांपेक्षा चेहऱ्यांकडे जास्त बघत होतो, कारण अभिनय आधी कधी इतका पोचलाच नव्हता.

एवढा खर्च प्रत्येक मालिकेच्या वाट्याला येत नाही. तिच्याच मागून आलेल्या 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' अजून एसडीतच (जुन्या टीव्हीच्या कमी तपशिलात) अडकल्या आहेत.

याच्या नेमकं उलट 'आय लव्ह लूसी'. १९५१ ची मालिका, पण तीन कॅमेरे लावून थेट ३५ मिमीवर चित्रित केलेली, आणि छायाचित्रण कार्ल फ्रॉइंडचं. त्या वेळी अमेरिकेत बरेच कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचे, आणि नोंद ठेवायची तर टीव्हीच्या नळीसमोर फिल्म कॅमेरा धरून. ते धूसर अवशेष आणि लूसीचं चित्र शेजारी ठेवलं तर एका दशकाचे वाटत नाहीत.

तिसरीघंटा

यात एक पुरवणी. चांगल्या ब्लू-रेवर जुना सिनेमा बघताना एक दृश्य विरघळून दुसरं येतं (डिझॉल्व्ह) तिकडे लक्ष ठेवा. विरघळणं सुरू व्हायच्या किंचित आधी चित्र अचानक एक पायरी उतरतं. दाणे वाढतात, काळा रंग राखाडी होतो. कारण असे दुवे प्रयोगशाळेत ऑप्टिकल प्रिंटरवर बनायचे, म्हणजे तेवढा तुकडा निगेटिव्हची नक्कल. एकदा हे दिसायला लागलं की दिसतच राहतं. घरातल्यांना सांगू नका, शिव्या खाल.

आणि हो, दाण्यांबद्दल. फिल्मचे दाणे म्हणजे घाण नव्हे. चित्रच त्यांचं बनलेलं असतं. दाणे पुसताना त्वचेचे बारकावे पुसले जातात. 'प्रेडेटर'ची २०१० ची ब्लू-रे याचा जगप्रसिद्ध नमुना. घामेजलेले रांगडे सैनिक मेणाच्या संग्रहालयातून थेट जंगलात सोडल्यासारखे दिसतात. आता हेच काम एआयकडे दिलंय. २०२४ मध्ये 'एलियन्स', 'ट्रू लाइज' आणि 'द अॅबिस'च्या ४के प्रती आल्या आणि त्यांवरून बराच वाद झाला. पुसलेलं परत 'कल्पून' भरायचं, असा प्रकार. केस, दातांच्या कडा, दूरवरचे चेहरे बघा. काहीतरी चुकलंय एवढं लगेच कळतं, काय ते बोट ठेवून सांगता येत नाही.

उगाचच

ट्रू लाइज बघितला. सगळे जण नुकतेच इस्त्री करून आलेत.

नुसताप्रेक्षक

बरं, इथवर वाचून चौकटीचा आणि मेणाच्या पुतळ्यांचा मुद्दा गिळतो. पण माझा मूळ आक्षेप शिल्लक आहे. मालिका पुन्हा बघताना मला सगळ्यात जास्त खटकतं ते चित्रात नाही, *बघण्याच्या चालीत* आहे.

आठवड्याला एक भाग, वर्षाला बावीस-चोवीस, अशा हिशेबाने लिहिलेली मालिका आपण डीव्हीडीचा संच उघडून रात्रीत पाच-सहा भाग या गतीने संपवतो. मग लक्षात येतं की प्रत्येक भागात बाविसाव्या मिनिटाला तोच गैरसमज होतोय. तीच सुटका, तोच शेवटचा टोमणा. हा दोष लेखकाचा नाही. मध्ये सात दिवस जातील, प्रेक्षक निम्मं विसरेल, काही जणांचा भाग चुकेल, हे धरून ते लिहिलं होतं. एखादं पात्र प्रत्येक भागात स्वतःचा व्यवसाय नि दुःख मोठ्याने का सांगतं? कारण मागच्या आठवड्यात तुम्ही घरी नव्हता!

जुन्या मालिकांत जुन्याच दृश्यांचे तुकडे जोडून केलेले भाग असायचे, आठवतं? पात्र बेशुद्ध पडतं आणि त्याला आठवणी येतात. नेक्स्ट जनरेशनच्या दुसऱ्या सीझनचा शेवट तसाच आहे, १९८९ चा. पैसे संपले होते म्हणून केला तो. आज तो भाग सलग बघताना शुद्ध छळ. पण ज्या काळात मागचा भाग पुन्हा बघायची काही सोयच नव्हती, तेव्हा अशा भागाला थोडाफार अर्थ होता. माझा अंदाज, घरात डीव्हीडीचे संच आल्यावरच तो प्रकार मेला.

म्हणून मी आता जुनी मालिका पुन्हा काढली की आठवड्याला दोनच भाग. घरच्यांना हे हट्टीपणाचं वाटतं. पण प्रत महागडी घेण्यापेक्षा या एका गोष्टीने जास्त फरक पडतो, असं माझं ठाम मत आहे.

काळीपट्टी

हा मुद्दा बिनतोड आहे, राव. यात भर एवढीच की संच ही गोष्टसुद्धा उशिरा आली. व्हीएचएसवर एका कॅसेटमध्ये दोन-चार भाग मावायचे, पूर्ण सीझन म्हणजे भिंतभर कॅसेट. कुणी घेणार नाही. 'एक्स फाइल्स'चा पहिला सीझन २००० साली डीव्हीडी संचात आला आणि खपला, तेव्हा बाकीच्यांना धीर आला. त्याआधी 'मालिका पुन्हा बघणं' म्हणजे पुनःप्रसारणात जो भाग लागेल तो, वाट्टेल त्या क्रमाने.

टिपूर

आवाजाबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून मी.

मालिकांत वाजणारी लोकप्रिय गाणी अनेकदा फक्त प्रसारणापुरत्या हक्कांवर घेतलेली असायची. पुढे कॅसेट, चकती असलं काही विकायचंय हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. डीव्हीडी काढताना पुन्हा पैसे मागितले गेले आणि मग गाणी बदलली. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही मालिकाच मुळी रेडिओ स्टेशनवरची, गाणी हा तिचा जीव. २००७ च्या संचात बरीच मूळ गाणी काढून भलतंच संगीत घातलं. २०१४ च्या नव्या संचात त्यातली बरीचशी परत आली. 'द वंडर इयर्स' १९९३ मध्ये संपली आणि पूर्ण संच यायला २०१४ उजाडलं, तेही याच कारणाने.

प्रसंग तुम्हाला गाण्यासकट आठवत असतो. चकतीवर त्या जागी कुठलं तरी बिनचेहऱ्याचं गिटार वाजतं. पाहणाऱ्याला वाटतं, हा प्रसंग इतका कोरडा कसा? रीळवेडा म्हणतात तो तिसरा संशयित हाच.

सिनेमातही असं होतं. 'व्हर्टिगो'च्या १९९६ च्या रिस्टोरेशनमध्ये चित्रावर अफाट मेहनत घेतली, पण पावलांचे, दारांचे, गोळ्यांचे आवाज नव्याने नोंदवून मिसळले. १९५८ च्या सिनेमात नव्वदच्या दशकातले बूट वाजायला लागले. नंतरच्या काही चकत्यांवर मूळ मोनो (एकाच वाहिनीचा) ट्रॅक परत दिला आहे. तेव्हा जुना सिनेमा लावलात की आधी ऑडिओच्या यादीत जाऊन 'मोनो' आहे का बघा. बहुतेक वेळा आपोआप निवडला जातो तो ५.१ चा (सहा स्पीकरसाठी) मिश्रित ट्रॅक, कारण वेष्टनावर छापायला तो बरा दिसतो.

शेवटचीरांग

इथे सगळे बिघडवल्याच्याच कथा सांगताहेत. दुरुस्तीची एक सांगतो, माझी अत्यंत आवडती.

बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत टेप महाग म्हणून कितीतरी कार्यक्रम पुसून त्याच टेपा पुन्हा वापरल्या. 'डॉक्टर हू'चे कितीतरी भाग असेच गेले. काही वाचले ते परदेशी विक्रीसाठी १६ मिमी फिल्मवर काढलेल्या कृष्णधवल नकलांमुळे. २०१३ मध्ये त्यातलेच नऊ हरवलेले भाग नायजेरियातून मिळाल्याचं जाहीर झालं.

आता गंमत. रंगीत भागाची कृष्णधवल नक्कल करताना रंगाचा सिग्नल गाळून टाकायचा असतो. पुष्कळदा तो गाळलाच गेला नाही. मग टीव्हीच्या पडद्यावर रंगाच्या माहितीची बारीक ठिपक्यांची जाळी उमटली आणि फिल्मवर तशीच चित्रित झाली. अनेक वर्षं सगळ्यांना ती खराबी वाटायची. पुढे काही मंडळींनी त्या ठिपक्यांतून मूळ रंग गणिताने परत काढायची पद्धत बसवली. २००८ च्या डिसेंबरात 'डॅड्स आर्मी'चा एक भाग असा रंगीत होऊन पुन्हा प्रसारित झाला. 'डॉक्टर हू'च्या 'द माइंड ऑफ ईव्हिल' या कथेचे बहुतेक भाग २०१३ च्या डीव्हीडीवर याच मार्गाने रंगीत आले. पहिल्या भागाच्या फिल्मवर ठिपकेच नव्हते, म्हणून तो वेगळ्या पद्धतीने रंगवावा लागला. कल्पनेने रंगवणं आणि नोंदलेला रंग परत मिळवणं यातला फरक लक्षात घ्या. एआयवाल्यांनी तर जरूर घ्यावा.

आणि हे टीव्हीवर 'मोशन स्मूदिंग'ला, म्हणजे टीव्हीने स्वतः मधली चित्रं बनवून हालचाल गुळगुळीत करण्याला, शिव्या घालणाऱ्यांसाठी (मीही घालतो). स्टुडिओत व्हिडिओवर नोंदलेल्या ब्रिटिश मालिकांत हालचाल सेकंदाला ५० वेळा नोंदली जायची, म्हणून ती नाटक समोर चाललंय अशी सळसळती दिसते. फिल्मच्या नकलेत ती २५ वर आली आणि सळसळ मेली. 'व्हिडफायर' नावाच्या प्रक्रियेत मधली चित्रं गणिताने तयार करून ती चाल परत आणतात. म्हणजे सिनेमाला लावलं तर जे पाप, तेच इथे योग्य. नियम एकच: ते मुळात जसं दिसायचं तसं दिसू दे.

भुंगा

अरे वा! म्हणजे जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकांत पात्र घराबाहेर पडलं की एकदम चित्राची जातच बदलते, ती हीच भानगड का?

शेवटचीरांग

हो. आत व्हिडिओ, बाहेर १६ मिमी फिल्म. 'मॉन्टी पायथन'वाल्यांनी त्यावरच एक विनोद केलाय. पात्रं दारं-खिडक्या उघडून बघतात आणि आपल्याला चहूबाजूंनी फिल्मने वेढलंय म्हणून घाबरतात.

मागेपुढे

विषय थोडा वळवतो. माझ्याकडे टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या व्हीएचएस कॅसेट आहेत. त्यातले काही कार्यक्रम चकतीवर कधी आलेच नाहीत. फाइल करून ठेवायच्या आहेत. बाहेर दिल्या तर जी फाइल मिळाली तिच्यात हलणाऱ्या गोष्टींना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा होत्या. स्वतः कसं करावं?

रीळवेडा

आधी कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बघा. पांढुरकी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. हेड खराब होईल आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला बुरशी लागेल. तशा कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, साफसफाई हे स्वतंत्र काम आहे. बाकीच्या एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मागे गुंडाळून घ्या.

व्हीसीआर चांगला मिळवणं हेच आता अवघड. फुनाई ही नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. सुटे भाग मिळेनासे झाले होते. त्यामुळे दुरुस्त केलेला जुनाच घ्यावा लागेल. एस-व्हिडिओची (रंग आणि उजेडाचा सिग्नल वेगळा नेणारी जोडणी) सोय असलेला एस-व्हीएचएस, म्हणजे सुधारित व्हीएचएसचा, व्हीसीआर मिळाला तर उत्तम. मध्ये टाइम बेस करेक्टर हवाच. टेपवरून येणाऱ्या रेषा किंचित मागेपुढे होतात, उभ्या कडा लाटांसारख्या हलतात, ते तो सरळ करतो.

तुमच्या फाइलमधले कंगव्याचे दात म्हणजे इंटरलेसिंग. व्हिडिओत एका चित्राच्या सम आणि विषम रेषा वेगवेगळ्या क्षणी नोंदलेल्या असतात. ते नीट न सोडवता एका चित्रात कोंबलं की असं होतं. उपाय दोन टप्प्यांत. साठवणीची फाइल इंटरलेस्डच, जशीच्या तशी, एफएफव्ही१ सारख्या काही न गमावणाऱ्या प्रकारात ठेवा. बघण्यासाठी तिची वेगळी प्रत करा, आणि ती करताना २५ नव्हे तर ५० चित्रं ठेवा. शेवटचीरांग यांनी सांगितलेली ती सळसळ तुमच्या कॅसेटवर आधीच आहे. पंचवीसवर आणून ती मारू नका. (अमेरिकी पद्धतीची कॅसेट असेल तर ६० च्या जवळ.)

तिसरीघंटा

हात चालत असतील तर 'व्हीएचएस-डीकोड' बघा. व्हीसीआरच्या हेडमधून येणारा कच्चा सिग्नलच थेट साठवायचा आणि चित्र नंतर संगणकावर उलगडायचं. फाइली अवाढव्य होतात आणि यंत्र उघडून तार जोडावी लागते. पण पुढे सॉफ्टवेअर सुधारलं की टेप पुन्हा न चालवता त्याच नोंदीतून चांगलं चित्र काढता येतं.

आणि जाहिराती कापू नका, काहीही झालं तरी. मूळ कार्यक्रम उद्या कुठेतरी सापडेल, जाहिराती सापडणार नाहीत.

टिपूर

चकत्यावाल्यांनीही निर्धास्त राहू नये. एका मोठ्या स्टुडिओच्या २००६ च्या पुढल्या काही वर्षांतल्या डीव्हीडी मोठ्या संख्येने आपोआप खराब झाल्या आहेत. वरून चकचकीत, ओरखडा नाही, आणि मधल्याच प्रकरणात अडकतात. माझ्या दोन संचांचं तसं झालं. नुसता पहिला मिनिट लावून 'चालते' म्हणू नका. संगणकात पूर्ण चकती वाचून बघा, तेव्हाच खरं कळतं.

नुसताप्रेक्षक

इतकं सगळं वाचल्यावर एक सरळ प्रश्न विचारतो. 'दास बोट' हा जर्मन पाणबुडीपट पुन्हा बघायचाय. मी पूर्वी पाहिला तो अडीच तासांचा होता, १९८१ चा. आता साडेतीन तासांचा एक आणि जवळपास पाच तासांची मालिका दिसतेय. कुठला लावू? तुमच्या शास्त्रानुसार मी पाहिलेला तोच, बरोबर?

रीळवेडा

माझ्या शास्त्रानुसार, हो. आधी तोच, कारण तुमची तुलना त्याच्याशीच होईल. १९९७ चा दिग्दर्शकीय कट आवाजात पूर्ण नवा आहे, तो वेगळाच अनुभव. पण तुमच्या आठवड्याला दोन भागांच्या शास्त्रानुसार मालिका.

काळीपट्टी

मी रीळवेडांच्या विरोधात. थेट मालिका. पाणबुडीत काहीही न घडता दिवस जाताहेत, हाच तिथला छळ आहे, आणि अडीच तासांत तो नीट बसत नाही. फक्त भागांची चकती आहे की सगळे जोडून एकसलग केलेली, हे बघून घ्या. दोन्ही मिळतात.

नुसताप्रेक्षक

ठरलं, भागांची. मोशन स्मूदिंग कुठे बंद करतात तेवढं सांगा. टीव्हीच्या यादीत त्या नावाचं काही दिसत नाही.

शेवटचीरांग

दिसणार नाही, प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं गोंडस नाव दिलंय. चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' किंवा 'क्लॅरिटी' असं काही असेल ते शून्यावर आणा. २०१९ नंतरचा टीव्ही असेल तर 'फिल्ममेकर मोड' शोधा, तो एका फटक्यात हे बंद करतो. शार्पनेसही उतरवा. आणि सबटायटल्स ठेवून मूळ जर्मनच ऐका, इंग्रजी ट्रॅक आपोआप लागलेला असतो.